'लुक ओव्हर' आणि 'ओव्हरलुक'च्या मधले दोन दिवस

आमच्या वेळी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर माझी दहावी आली होती. व्याकरण मात्र सरांनी घोटून घेतलेलं. काळ बदला, प्रयोग बदला, काय हवं ते सांगा. त्या जोरावर पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत सपोर्टला लागलो. क्लायंट इंग्लंडमधला. बोलणं कमी, मेल जास्त, म्हणून मी निर्धास्त होतो. लिहिलेलं इंग्रजी आपल्याला कळतं, अशी समजूत होती.

तिसऱ्या आठवड्यात एक मेल आला, सोबत एक्सेलची फाइल. मजकूर एका ओळीचा: 'प्लीज लुक ओव्हर द अटॅच्ड शीट अँड गेट बॅक टू मी.' आता 'ओव्हरलुक' म्हणजे दुर्लक्ष करणे, हे मी बारावीला पाठ केलेलं. शब्द तेच, नुसते मागेपुढे. म्हणजे फाइल चुकून जोडली गेली असणार, तिकडे लक्ष देऊ नका म्हणतायत. 'गेट बॅक'चं काय करायचं कळेना, तर 'काही लागलं तर कळवा' असा अर्थ लावून मोकळा झालो. फाइल उघडलीसुद्धा नाही. दोन दिवसांनी टीम लीडने खुर्ची वळवून विचारलं, "अरे, ती शीट बघितलीस का?" मी तत्परतेने म्हणालो, "नाही सर, त्यांनीच सांगितलं होतं बघू नका म्हणून."

मेल वाचून त्याने कपाळाला हात लावला. "लुक ओव्हर म्हणजे नजरेखालून घाल रे!"

तो ओरडला त्याचं काही वाटलं नाही, पण 'नजरेखालून घालणे' डोक्यात अडकलं. इंग्रज कागदावरून नजर फिरवतो, आपण तोच कागद नजरेच्या खालून घालतो. एखाद्या परक्याने मराठी शिकताना हा शब्द फोडून वाचला तर त्याचीही माझ्यासारखीच फजिती होईल. म्हणजे हे प्रकरण आपल्या घरातही आहे, फक्त आपलं म्हणून ते दिसत नाही.

क्रियापदाला 'अप', 'ओव्हर' असं शेपूट जोडलं की अर्थच बदलतो, याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, हे कळल्यावर सगळे करतात तेच मी केलं. यादी आणली. 'गेट'ची एक यादी: गेट अप, गेट बाय, गेट ओव्हर, गेट अलाँग, गेट थ्रू. मग 'पुट'ची, मग 'टेक'ची. चौथ्या दिवशी सगळ्यांची खिचडी. नोकरीसाठी किंवा परदेशी जाण्यासाठीच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी तयारी करणाऱ्यांना म्हणून पहिलं हेच सांगतो, की क्रियापदाच्या बाजूने सुरुवात करू नका. शेपटाकडून या. अप, आउट, ऑफ, ऑन ही चार शेपटं धरली की निम्मी गर्दी ओळखीची वाटायला लागते.

कारण यातली बरीचशी कामं मराठीत आपण दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. 'अप' बघा. ईट अप, टेअर अप, यूज अप. खाऊन टाक, फाडून टाक, संपवून टाक. काम पुरतं उरकलं, शिल्लक काही नाही, हे आपल्याकडे 'टाकणे' सांगतं आणि त्यांच्याकडे 'अप'. वरखालीचा इथे संबंधच नाही. 'आउट'ला पुष्कळदा आपलं 'काढणे' बसतं: फाइंड आउट म्हणजे शोधून काढणे, पिक आउट म्हणजे निवडून काढणे, गणिताचं उत्तर वर्क आउट करणे म्हणजे उत्तर काढणे. 'ऑन' म्हणजे 'राहणे': रीड ऑन, वाचत राहा. माझं सगळ्यात लाडकं 'एंड अप'. 'आय एंडेड अप पेइंग फॉर एव्हरीवन' याचं शब्दकोशातलं मराठी वाचाल तर झोप येईल. खरं मराठी आहे, 'सगळ्यांचे पैसे मीच भरून बसलो.' त्या 'बसलो'मधला पश्चात्ताप 'एंड अप'मध्येही पुष्कळदा असतो. आणि उशिरा टर्न अप होणाऱ्याला आपण म्हणतोच, "आत्ता उगवतोय होय!"

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे; का, ते मला आजही पटवून सांगता येणार नाही. असलं पाठच करावं लागतं. त्याचा कमीपणा वाटून घेऊ नका. सॅम्युएल जॉन्सनने 1755 सालच्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जड जातो तो हा प्रकार.

आता 'इट' कुठे घालायचं ते. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण पंख्याऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' ऐकलं की इंग्रजी माणसाच्या कपाळावर आठी पडते. उलट 'लुक आफ्टर हिम'मध्ये 'हिम' मध्ये घुसवता येत नाही. ओळखायचं कसं? कानाने. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर. शेपटावर जोर पडत असेल तर ते क्रियापदापासून सुटू शकतं, हा माझा ठोकताळा. सगळीकडे लागू पडेलच असं नाही, 'लुक आफ्टर'मध्येच तो डळमळतो, पण ऑफिसात याने माझं भागलं.

साध्या शब्दयोगींचा घोळ वेगळा, त्याचं मूळ थेट मराठीत आहे. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी', 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हर'. हवं 'अँग्री विथ' आणि 'मॅरीड टू'. 'वर अवलंबून' आणि 'डिपेंड ऑन' जुळले ते आपलं नशीब. 'विषयी चर्चा' मात्र जुळत नाही, 'डिस्कस'ला 'अबाउट' लागतच नाही. 'कोप'लाही 'अप' लागत नाही, नुसतं 'कोप विथ'. फॉर्म 'फिल इन' किंवा 'फिल आउट' करा, 'फिल अप' गाडीच्या टाकीसाठी ठेवा. आणि परदेशी माणसासमोर 'आय पास्ड आउट इन 2006' म्हणू नका. आपल्याकडे ती पदवी असते, त्याला वाटतं तुम्ही चक्कर येऊन पडलात.

कुठे वापरायचं, याचंही भान लागतं. 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन' दोन्ही म्हणजे पुढे ढकलणे. पहिला घरगुती जर्मानिक वळणाचा, दुसरा लॅटिनकडून आलेला. आपण शाळेत लॅटिनवाले शब्द आधी शिकतो, म्हणून चहाच्या टपरीवरही आपलं इंग्रजी सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. अहवालात 'पोस्टपोन' लिहा, सहकाऱ्याला सांगताना 'पुट ऑफ' म्हणा.

आणि घाबरू नका, यातलं बरंच तुमच्या तोंडात आहे. एसटी ब्रेकडाउन होते, बाइकला पिकअप नसतो, भाव वर्कआउट होत नाही, कटऑफ वाढतो, मूड ऑफ होतो. वही घाला आणि ओळखीच्या अशा शब्दांपासूनच भरा. अर्थ लिहू नका, जिथे भेटलं ते अख्खं वाक्य लिहा आणि खाली आपण घरात म्हणू तसं मराठी.

माझ्या वहीत 'ऑफ'ला चार पानं आहेत. पहिल्या वर्षी रात्रपाळीत 'द अलार्म वेंट ऑफ ॲट थ्री' असा निरोप आला आणि मी अलार्म बंद पडला असं समजून नोंद केली. तो वाजला होता. दिवा 'गो ऑफ' झाला की विझतो, अलार्म झाला की बोंबलतो, बॉम्ब झाला की फुटतो. कालची नोंद ही: 'द मिल्क हॅज गॉन ऑफ.' खाली मराठीत, 'दूध नासलंय.'