आईचे मन खचले असेल तर घराने काय करावे

कापूस वेचणीच्या दिवसांत बाई थकते, अबोल होते आणि घरची माणसे ते कामामुळे असेल म्हणून सोडून देतात. परंतु दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. आपल्या खेड्यांतील बाया मनाचे दुखणे सहसा शरीराच्या भाषेत सांगतात. "जीव घाबरते", "डोकं जड राहते" ही तक्रार वारंवार येत असेल, तर ती नखरा म्हणून उडवून लावू नये.

तिच्या बोलण्यात मरणाचा विषय येत असेल, तर त्याच दिवशी फवारणीचे औषध घरातून हलवावे, तिला एकटे सोडू नये आणि दवाखाना गाठावा. बाळंतिणीला भास होत असतील किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तरीही थांबू नये.

एरवी आशाताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्तक्षय आणि थायरॉईडच्या विकारातही असाच थकवा येतो, म्हणून रक्त तपासून घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. डॉक्टरांनी नैराश्यावर दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. अंगावर पाजत असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे. अंगारा लावण्यावरून घरात वाद घालू नये, मात्र त्यापायी उपचार लांबवू नयेत.

नवऱ्याची दारू, मारहाण किंवा कर्जाचा घोर हे मूळ असेल, तर केवळ गोळीने भागणार नाही, हे सासरच्यांनी स्वीकारावे.

आजारी आईकडून तान्ह्या बाळाच्या हुंकाराला प्रतिसाद कमी मिळतो. बाळ मलूल दिसू लागते, कधी दूध आणि वजनही मागे पडते. म्हणून वडिलांनी किंवा आजीने रोज त्याच्याशी बोलावे, खेळावे आणि अंगणवाडीतील वजनाची नोंद चुकवू नये. प्रेमाने लक्ष देणारे दुसरे माणूस मुलाला मोठा आधार देते. शाळकरी मुलाचे पोट वरचेवर दुखते, ते चिडचिडे होते आणि आपल्यामुळेच आई अशी झाली, असे मनात धरून बसते. त्याला स्पष्ट सांगावे, "आईला आजार झाला आहे, तो तुझ्यामुळे नाही, आणि तिच्यावर औषधपाणी सुरू आहे."

सर्वांत कमी दिसणारे नुकसान, माझ्या मते, थोरल्या मुलीचे होते. चूल आणि धाकटे भावंड न सांगता तिच्या अंगावर पडते, घर चालू राहते म्हणून सगळे तिचे कौतुक करतात आणि तिची शाळा सुटते. पाणी भरणे, स्वयंपाक, गुरांचे काम मोठ्यांनी आपसांत वाटून घ्यावे, तिच्या शिक्षकांना घरची अडचण सांगून ठेवावी आणि तिला सकाळी वेळेवर शाळेत पाठवावे.