पहिले पडणं शिका, ताई

अडतिसाव्या वर्षी ज्यूदो शिकायला गेले आणि पहिले तीन आठवडे नुसती पडत होते. कुणी पाडत नव्हतं, माझी मीच. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका समाजभवनात आमचा क्लब भरतो, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहाला. पहिल्याच दिवशी मी सरांना विचारलं, "कुणी मागून धरलं तर काय करायचं, ते कधी शिकवाल?" सर मॅट जोडता जोडता म्हणाले, "पहिले पडणं शिका ताई, मंग पाडणं."

मला तेव्हा वाटलं, हे फी वसूल करायचे धंदे.

तसं वाटायला कारण होतं. त्याआधी तीन-चार महिने मी दुसऱ्या एका क्लासला जात होते, कराटेच्या. नाव घेत नाही. तिथं दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिची फी वेगळी, आणि नापास कुणीच होत नसे. सहा-सात वर्षांची पोरं ब्राऊन, म्हणजे ब्लॅकच्या अलीकडचा बेल्ट बांधून फिरायची, पण समोरच्यानं खरोखर मनगट धरलं की रडकुंडीला यायची. यात कराटेचा दोष नाही. नीट शिकवणारा असेल तर कराटे, ज्यूदो, तायक्वांदो, कुस्ती, काहीही चालतं. माझे आजोबा महाल भागातल्या आखाड्यात लाठी शिकले होते. त्यांच्याकडं कसलाच बेल्ट नव्हता, सर्टिफिकेट तर नव्हतंच.

तर नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हे की कला निवडण्याआधी क्लास बघा. दोन दिवस नुसतं कोपऱ्यात बसायचं. शिकणारे एकमेकांशी जोर लावून सराव करतात, की हवेतच हातपाय मारतात? एखादं पोरगं रडलं तर सर काय करतात? मोठ्या बाया आहेत का, आणि नसतील तर तुमची जोडी कुणाशी लावणार? हा शेवटचा प्रश्न विचारायला मी लाजले होते, तुम्ही लाजू नका. ज्यूदोत एक हात समोरच्याच्या कॉलरला आणि दुसरा बाहीला असतो, जमिनीवरच्या डावात तर अंगावर अंग येतं. नको वाटलं तर नको म्हणता आलं पाहिजे. आमच्याकडं धरलेल्यानं दोनदा थाप मारली की पकड सुटते, मग वर कुणीही असो. जिथं हा नियम ढिला, तिथून निघा.

आता पडण्याबद्दल. जपानीत याला उकेमी म्हणतात. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ गोल करून मागं लवंडायचं. पाठ टेकता टेकता दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत मॅटवर फाडकन आपटायचे आणि श्वास सोडायचा. हात अंगापासून साधारण हातभर लांब. फार वर गेले तर खांदा दुखतो, अंगाखाली आले तर मनगट जातं. सांगायला सोपं आहे, पण पडताना माणूस उपजतच हात मागं टेकवतो, आणि ती सवय मोडायलाच माझे तीन आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात पाठ दुखली नाही, दुखली ती मानेची पुढची बाजू, कारण डोकं असं उचलून धरायची तिला कधी वेळच आली नव्हती. रात्री उशीवरून उठताना डोकं हातानं उचलत होते. शेजारी एक दहा वर्षांचा मुलगा होता, येलो बेल्ट. दर वेळी अगदी गंभीरपणे सांगायचा, "काकू, हनुवटी आत." काकू म्हटल्याचा राग यायचा, पण हनुवटी आत जायची.

हे ज्यूदो काढलं जिगोरो कानो या शिक्षकानं, 1882 साली टोकियोत. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले, म्हणून पूर्ण जोर लावून सराव करता येऊ लागला. ज्यूदो ऑलिंपिकमध्ये 1964 ला आलं, बायकांना पदकं मात्र 1992 पासून. कराटे 2021 ला झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आलं आणि पॅरिसला पुन्हा वगळलं गेलं.

क्लबच्या दारात थांबलेले पालक हेच विचारत असतात: पोराला पुढं काही फायदा? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला क्लबचा बेल्ट चालत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून क्लबची पोरं शालेय स्पर्धांना आणि जिल्हा संघटनेच्या स्पर्धांना उतरतात का, हे फी भरण्याआधी विचारा.

स्वसंरक्षणाचं म्हणाल तर मनगट सोडवणं मला चौथ्या महिन्यात शिकवलं. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं पकड कच्ची असते. आपल्या हाताची कड त्या फटीकडं वळवायची, कोपर वाकवायचं आणि एक पाऊल टाकत हिसका द्यायचा. सरांनी मग माझ्यासमोर नव्वद किलोचा एक गडी उभा केला. दहापैकी तीनदा सुटले. त्या तीनदाही मी आधी सावध होते म्हणून. रस्त्यावर सावध नसताना किती वेळा सुटेन, याचा हिशेब मी घरी येताना स्कूटीवर केला आणि तेव्हापासून पार्किंगमध्ये मोबाइल बघत उभी राहणं सोडलं.

एका शनिवारी सरांनी कायदाही सांगितला. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाच्या हक्काची आहेत. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क मात्र त्यात नाही. सुटलात की पळा, उजेडाकडं, माणसांकडं, आणि 112 लावा. पडलेल्याला वरून दोन लाथा घालायच्या नाहीत, कितीही मनात आलं तरी. एका काकांनी विचारलं, "अन् त्यानं शिव्या देल्या तर?" सर म्हणाले, "शिव्यांनी हाड मोडत नाही, काका."

बारीकसारीक काही. नखं कापून या. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र घरीच ठेवा; बाहीत अडकून बोट मुरगळतं. बायकांनी ज्यूदोगीच्या, म्हणजे सरावाच्या जाड पोशाखाच्या आत पांढरा टी-शर्ट घालायचा. गी लगेच विकत घेऊ नका, पहिला महिना ट्रॅक पँटवर निघतो. आणि क्लासच्या तासभर आधी तर्री पोहे खाऊ नका. मी खाल्ले होते. पुढच्या कोलांटीला तर्री आपली जागा सोडते, एवढंच सांगते.

उन्हाळ्यात हाल असतात. पारा पंचेचाळिसाला गेला की हॉल भट्टी होतो, आणि कूलरचं तोंड मॅटकडं केलं की रेक्झिन ओलसर होऊन पाय घसरतात. म्हणून कूलर भिंतीकडं तोंड करून फिरतो आणि आम्ही घाम पुसत बसतो. शिवाय लग्नसराईत समाजभवन भाड्यानं जातं. मग सकाळी साडेपाचला बागेच्या हिरवळीवर सराव होतो, तिथं पाडापाडी बंद, फक्त पायांचे डाव. परत हॉलमध्ये आलो की पहिल्या दिवशी मॅटला वरणभाताचा आणि अत्तराचा वास येतो. चाळीस मॅट पुसून जोडायला माणसं लागतात, तेव्हा नव्यानं येणार असाल तर पंधरा मिनिटं आधी या.