दोन शॉटचे रंग हाताने जुळवताना

कोकणातल्या एखाद्या घराच्या ओसरीवर दोन माणसांचा संवाद चित्रित करताना पहिल्याचे क्लोज-अप लख्ख उन्हात झाले आणि दुसऱ्याचे घेईपर्यंत आभाळ भरून आले, तर संकलनात एक शॉट पिवळसर व कडक, तर त्याला लागून येणारा दुसरा निळसर व मवाळ दिसतो. दाविंची रिझॉल्व्ह या संकलन-रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉट आपोआप जुळवण्याची सोय आहे. पण दोन चौकटींत वेगवेगळ्या वस्तू असल्या की ती अनेकदा फसते, म्हणून हे काम हाताने करता आलेच पाहिजे.

प्रथम प्रसंगातील एक शॉट प्रमाण म्हणून ठरवावा. शक्यतो ओसरी, अंगण आणि दोन्ही माणसे दिसणारा लांबचा शॉट घ्यावा, कारण जागेचा उजेड प्रेक्षकाच्या मनात तोच ठसवतो. त्याचे ग्रेडिंग, म्हणजे उजेड-रंगाची सुधारणा, पूर्ण करून त्याचे स्थिरचित्र गॅलरीत साठवावे आणि पुढचा प्रत्येक शॉट वाइपने, म्हणजे पडदा दोन भागांत विभागून, त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. चित्रीकरण लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिकट व मवाळ चित्र नोंदवणाऱ्या पद्धतीने, झाले असेल, तर प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र त्याच्या योग्य रूपांतराने आधी रेक ७०९ या प्रमाणित रंगमानकात आणावे. ते न करता जुळवाजुळव सुरू केल्यास अर्धा दिवस कॅमेऱ्यांमधला फरक मिटवण्यातच जातो.

रंगाला हात लावण्यापूर्वी उजेड जुळवावा. नवशिके नेमके उलटे करतात आणि उजेडातल्या फरकालाच रंगाचा फरक समजून रंगाची चाके फिरवत बसतात. शेवटच्या नोडवर, म्हणजे सुधारणांच्या साखळीतल्या शेवटच्या टप्प्यावर, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करून चित्र तात्पुरते कृष्णधवल करावे, म्हणजे दिशाभूल होत नाही. मग वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाची पातळी ० ते १०२३ मध्ये दाखवणाऱ्या आलेखावर, केसांतला काळा भाग लिफ्टने, सदऱ्याचा पांढरा भाग गेनने आणि चेहरा गॅमाने प्रमाण शॉटच्या पातळीला आणावा. गडद, उजळ आणि मधल्या भागांच्या या तिन्ही नियंत्रणांचे प्रभावक्षेत्र एकमेकांत शिरलेले असल्यामुळे एक हलवले की दुसरे थोडे सरकते. दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात.

सॅच्युरेशन पूर्ववत केल्यावर आरजीबी परेड, म्हणजे लाल, हिरवा व निळा यांचे शेजारी-शेजारी आलेख, पाहावी. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, ती म्हणजे दोन शॉटचे संपूर्ण आलेख सारखे करायचे नसतात. एका चौकटीत माडाची हिरवाई आणि दुसरीत चुन्याची भिंत असेल, तर आलेख वेगळेच दिसणार; तुलना फक्त दोन्हींत असलेल्या वस्तूची करावी. पांढऱ्या सदऱ्यात निळा पट्टा लाल पट्ट्यापेक्षा वर असेल, तर गेनमधला निळा उतरवावा. केसांत तसे दिसले, तर लिफ्टमधला. सदराही फसवू शकतो, कारण झाडाखाली बसलेल्या माणसाच्या कपड्यावर पानांचा हिरवा उजेड पडतो आणि तो खरा असतो. तो पूर्ण पुसला की माणूस त्या ओसरीवर बसल्यासारखा वाटत नाही.

त्यानंतर चेहरा पाहावा. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे छटा व तिची तीव्रता दाखवणाऱ्या वर्तुळाकार आलेखावर, लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी त्वचेची रेषा असते. गोऱ्या आणि सावळ्या दोन्ही कांती साधारणपणे तिच्याच आसपास पडतात, फरक मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा असतो. एकाच माणसाचा चेहरा दोन शॉटमध्ये या रेषेच्या वेगवेगळ्या बाजूंना पडत असेल, तर ह्यू व्हर्सेस ह्यू वक्राने तेवढीच छटा किंचित सरकवावी. सरकवणे जास्त झाले, तर ओठ आणि गालांतला लालीचा भेद नाहीसा होतो.

ढगाखालच्या चेहऱ्यावर नाकाची ठळक सावलीच नसते आणि ती ग्रेडिंगमध्ये विश्वासार्हपणे निर्माण करता येत नाही. अशा वेळी कमकुवत शॉटला ओढत नेण्याऐवजी प्रमाण शॉटचाच कॉन्ट्रास्ट थोडा उतरवून दोघांना मध्ये आणणे मला अधिक योग्य वाटते.

डोळे चुकीच्या रंगालाही काही मिनिटांत सरावतात. म्हणून मॉनिटरमागची भिंत राखाडी आणि तिच्यावरचा मंद उजेड ६५०० केल्व्हिनचा असावा, आणि अधूनमधून पडद्यावरून नजर काढावी. शेवटी स्थिरचित्र बंद करून कटच्या आधीची व नंतरची काही सेकंदे सलग चालवून पाहावीत; शेजारी ठेवल्यावर जाणवणारा बारीक फरक चालत्या कटमध्ये कित्येकदा दिसतच नाही. जुळलेले ग्रेडिंग त्याच मांडणीतल्या बाकीच्या शॉटवर चढवावे, मात्र ढग दाट-विरळ होत गेलेले असल्यामुळे प्रत्येक शॉटचा ऑफसेट, म्हणजे संपूर्ण चित्र एकत्र वर-खाली सरकवणारे नियंत्रण, वेगळा तपासावा.