डायपरच्या जेलीतून ऑस्मॉटिक प्रेशर समजून घ्या

बीएस्सीच्या मुलांना डोनान (चार्ज असलेले मोठे रेणू एका बाजूला अडकले की आयन दोन्ही बाजूंना असमान वाटले जातात, हा नियम) पाठ असतो पण डोक्यात बसत नाही, म्हणून हे घरी एकदा कराच. नवा डायपर कापा, आतला कापूस पिशवीत घालून झटका, तळाला बारीक दाणे जमतात ते सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट (पावडर नाकात जाऊ देऊ नका). दोन ग्लासांत अर्धा-अर्धा चमचा घ्या. एकात पागोळीचं पाणी थोडं थोडं घाला, दुसऱ्यात मिरामारचं समुद्राचं, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. पहिल्यात थरथरणारी घट्ट जेली होते, ग्लास उपडा केला तरी पडत नाही, दुसऱ्यात दाणे थोडेसेच फुगतात आणि वर पाणी तसंच राहतं.

आता कारण नीट बघा. पॉलीअ‍ॅक्रिलेटचा रेणू म्हणजे लांब साखळी, तिच्यावर निगेटिव्ह चार्ज, त्यामुळे तिचे सोडियम आयन जेलीतच अडकतात, बाहेर पडूच शकत नाहीत, आणि पाणी आत ओढणारं ऑस्मॉटिक प्रेशर मुख्यतः तेच आयन तयार करतात, साखळी नाही. मात्र सगळे आयन मोजू नका हां! पाण्यात चार्ज ०.७ नॅनोमीटरपेक्षा जवळ आले की काही आयन साखळीलाच चिकटतात, इथे अंतर ०.२५ आहे म्हणजे पूर्ण चार्ज असला तरी साधारण तिसरा हिस्साच मोकळा. बाहेर मीठ असलं की आत-बाहेरचा फरक घटतो, ओढ कमी होते.

पहिल्या जेलीवर आगरवाड्याचं जाडं मीठ चिमूटभर टाका, दाण्याभोवती लगेच पाणी सुटतं, मला तर हे कितीदाही बघावंसं वाटतं. जेली सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो.