वाक्याचं शेपूट गिळू देऊ नका : एकांकिकेच्या तालमीत आवाज, अंग आणि पात्र

कॉलेजच्या एकांकिकांच्या तालमी बहुधा रिकाम्या वर्गात होतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची धावपळ तर ऐन पावसाळ्यातली. वर्गाच्या उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो आणि मुलांना वाटतं, आपण छान ऐकू जातोय. नाट्यगृहात पडदे, खुर्च्या आणि माणसं तोच आवाज पिऊन टाकतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एकाला व्हरांड्याच्या टोकाला उभं करा. प्रत्येक वाक्यानंतर त्याने फक्त ऐकू आलेला शेवटचा शब्द मोठ्याने सांगायचा.

तो शेवटचाच का? मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे. ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणताना श्वास संपला, की ‘नाही’ विरतं आणि नाटकाचा अर्थच उलटा होतो. ‘जरा जोरात बोल’ हे यावरचं औषध नव्हे, कारण मुलं वाक्याची सुरुवात आणखी जोरात करतात आणि शेपूट पुन्हा गिळतात. वाक्य मागून बांधा : ‘नाही’, मग ‘ओळखत नाही’, मग ‘त्याला ओळखत नाही’, मग पूर्ण. प्रत्येक टप्पा तीनदा. पल्लेदार वाक्य असेल तर नटाच्या संहितेत पेन्सिलीने श्वासाच्या जागा मारून द्या. क्रियापदाच्या अगदी आधी श्वास घेऊ देऊ नका.

श्वासाचा व्यायाम रोज दहा मिनिटं पुरतो. पाठीवर झोपून गुडघे उभे, पोटावर पुस्तक. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घेताना पुस्तक वर यायला हवं. खांदे कानांकडे सरकत असतील तर थांबवून पुन्हा. सोडताना ‘स्स्स’ एकसारखा, सुरुवातीला पंधरा सेकंद, आठवडाभरात पंचवीसपर्यंत. शेवटी धार थरथरली की समजायचं, सुरुवातीलाच हवा उधळली. मग ओठ हलके मिटून, दात सुटे ठेवून गुणगुणणं. ओठांना गुदगुल्या झाल्या तर बरोबर. घशात टोचत असेल तर पट्टी, म्हणजे स्वराची उंची, खाली घ्या.

एकच वाक्य आधी तीन फुटांवरच्या, मग पंधरा, मग चाळीस फुटांवरच्या माणसाला सांगायला लावा. बहुतेकांची पट्टी अंतराबरोबर वर चढते, हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा दिसतात. घसा बसतो तो इथेच. हनुवटी खाली आणि पट्टी तीच ठेवून स्वर लांबवायला सांगा. आरडाओरड्याचे प्रवेश तालमीत अर्ध्या आवाजात करा. पूर्ण आवाज आठवड्यातून दोनदा, बस्स. घसा बसल्यावर कुजबुजणं म्हणजे विश्रांती नाही, त्यानेही ताण पडतो. त्या दिवशी पूर्ण मौन, पाणी आणि वाफ. आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला तर थेट कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

उच्चारांत ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ वेगळे ऐकू येतात का, ते तपासा. ‘जरा थांब’मधला दंततालव्य ज आणि म्हातारपणाच्या ‘जरा’तला तालव्य ज हेही. पण पात्र वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असेल तर त्याला पुस्तकी मराठीचं इस्त्रीकाम करू नका. तिथे बोली स्पष्ट हवी, शुद्ध नव्हे.

हालचालीसाठी आधी रंगमंचाचं माप आणा आणि तेवढा चौकोन खडूने जमिनीवर आखा. हे टाळलं, की ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं आणि कधी हलायचं याची आखणी, प्रयोगाच्या दिवशी विसविशीत होतं किंवा माणसं एकमेकांना झाकतात. पाय खांद्याइतके रुंद, वजन दोन्हींवर सारखं, हात नुसते लोंबते, अशी दोन मिनिटं रोज उभं करा. कंटाळवाणं आहे, पण दर वाक्याला डुलणारा नट दुसऱ्या कशाने थांबत नाही. चालायचं तर वाक्याच्या आधी, मध्ये की नंतर, हे ठरवा. महत्त्वाच्या शब्दावर पाय उचलला तर प्रेक्षक पाय बघतो, शब्द निसटतो. पात्राची पादत्राणं दुसऱ्या आठवड्यापासूनच पायात हवीत. साडी असेल तर साडीही, कारण तिच्यात पाऊल लहान पडतं आणि ब्लॉकिंगचं सगळं वेळापत्रक हलतं.

पात्राबद्दल ‘तो रागीट आहे’ इतकंच लिहून घेतलं तर मूल पहिल्या वाक्यापासून भुवया चढवून बसतं. विशेषणाऐवजी क्रियापद द्या : या वाक्याने तो समोरच्याला काय करतोय? टोचतोय, गोंजारतोय, टाळतोय, हाकलतोय. दर वाक्याला एक, संहितेच्या कडेला समासात लिहून. लागोपाठ पाच वाक्यांना ‘समजावतोय’ आलं तर प्रवेश सपाट झालाच म्हणून समजा. निदान दोन तरी बदला.

विशीतल्या मुलांना आजोबा करावे लागतात, तेव्हा कंबर वाकते आणि आवाज कापू लागतो. ती नक्कल. म्हातारा माणूस थरथर दाखवत नाही, लपवतो. बसण्याआधी हाताने खुर्ची चाचपतो, उठताना आधी वजन पुढे घेतो, वळायचं झालं तर मानेऐवजी खांदे वळतात. यातल्या दोनच गोष्टी निवडून आठवडाभर रोजच्या कामात करायला लावा. तिसरी दिली की ठोकळेबाज होतं. सवय अंगात मुरली का, ते पाहायला संवादाच्या मध्येच त्याच्या हातातून काही पाडा. उचलताना विशीतलं अंग बाहेर आलं, तर आणखी चार दिवस द्या.