फायलींचा क्रम चुकतोय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. सगळीकडे लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम, फायली बघायला तिच्यातला निमो हा प्रोग्राम. गड्ड्याच्या यात्रेआधी ऑर्डरींची घाई होती. ऑपरेटरने डिझाइनच्या यादीतली सगळ्यात वरची फाईल उचलली आणि मागावर जुन्याच किनारीची चादर चढली. यादी 'मॉडिफाइड' तारखेने लावलेली होती. कुणीतरी जुनं डिझाइन नुसतं बघायला उघडलं होतं आणि बंद करताना सेव्ह दाबलं होतं. ही तारीख फाईल शेवटची कधी सेव्ह झाली तेवढंच सांगते. कुठलं डिझाइन नवं, हे तिच्यावरून ठरवू नका. तारीख नावातच घाला, तीही वर्ष आधी: 2025-01-07. दिवस आधी लिहिला की जानेवारी आणि जूनची सरमिसळ होते.

दुसरी चूक खास आपल्या मराठी माणसांची, आणि ती लवकर सापडत नाही. 'चादर-2' आणि 'चादर-10' अशी नावं दिली तर निमो आकडा ओळखतो, दोन आधी आणि दहा नंतर लावतो. पण 'चादर-२' आणि 'चादर-१०' लिहिलं की देवनागरी अंक त्याला आकडा वाटत नाही, नुसतं अक्षर वाटतं. मग १० आधी आणि २ मागे. ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या 'फाइल्स' प्रोग्राममध्येही तेच होतं. नाव खुशाल मराठीत ठेवा, अंक मात्र इंग्रजी घाला. देवनागरीच हवे असतील तर ०२, १० असे सारख्या लांबीचे लिहा. जुन्या फायली एकदम निवडून एफ-२ दाबा, मिंटमध्ये सगळ्यांची नावं एकत्र बदलता येतात.

प्रेफरन्सेसमध्ये क्रम बदलला तरी एखादं फोल्डर ऐकत नाही, असंही होतं. त्या फोल्डरमध्ये पूर्वी कधी हाताने क्रम बदललेला असतो आणि निमो तो लक्षात ठेवतो. ते फोल्डर उघडून व्ह्यू मेन्यूतलं 'रिसेट व्ह्यू टू डिफॉल्ट्स' दाबा.

मोठ्या स्कॅनचं छोटं चित्र दिसत नसेल तर प्रेफरन्सेसमधल्या प्रिव्ह्यूत फाईलच्या आकाराची मर्यादा वाढवा. तरीही नाही आलं, तर होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबा म्हणजे लपलेली फोल्डरं दिसतील, मग डॉट-कॅश (.cache) मधल्या थंबनेल्सखालचं 'फेल' फोल्डर काढून टाका. एकदा फसलेल्या चित्रांची नोंद तिथे राहते, आणि ती असेपर्यंत निमो त्या फाईलसाठी पुन्हा प्रयत्नच करत नाही.