पेशंट घेऊन जळगाव-धुळ्याला निघताय? आधी कागदं बघा भो

कोणी आजारी पडलं की गल्लीतले दहा जण दहा डॉक्टरांची नावं सांगतात, पण रेशन कार्ड घेतलं का हे एकही विचारत नाही. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत कॅशलेस उपचार होतात आणि आता पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही कार्ड चालतं, फक्त पेशंटचं नाव त्यात पाहिजे आणि आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डात, हा घोळ तर घरोघरी. ते काम आजारपणाची वाट न बघता तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन करून टाका.

आता मेन मुद्दा. बाहेर योजनेचा बोर्ड लागलाय म्हणजे तिथे सगळंच फुकट, असं नसतं. हॉस्पिटलला ठराविक विभागांचीच मान्यता असते, म्हणजे हाडाचं ऑपरेशन योजनेत होईल पण हार्टचं त्याच ठिकाणी होणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, गाठा (काउंटर बहुतेक दाराजवळच असतो), रिपोर्ट दाखवा आणि सरळ विचारा की हा आजार, हे ऑपरेशन, इथे, योजनेत बसतं का. नाही म्हटला तर कुठे बसतं तेही विचारा. घरबसल्या विचारायचं असेल तर १५५३८८ ला फोन करा. एकदा मंजुरी आल्यावर त्याच उपचाराचे वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रारही ह्याच नंबरवर.

अपघात, छातीत दुखणं, साप चावणं असलं काही असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा, १०८ लावा, कागदं मागून येतील.

नंदुरबार, नवापूरकडची मंडळी सुरत जवळ म्हणून तिकडे जातात. केंद्राच्या यादीत नाव असलेलं आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालतं, पण आपली फुले योजना तिथे चालेलच असं धरून निघू नका, आधी त्या हॉस्पिटलला फोन करून पक्कं करा.

सिव्हिलला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा. केस पेपर, मग ओपीडी, मग रक्त-एक्सरे, मग परत त्याच डॉक्टरकडे, आणि उशीर झाला की डॉक्टर उठून जातात, पुन्हा उद्याची एसटी. सोबत एक तरी माणूस असा ठेवा जो रांगेत उभा राहील आणि दोन शब्द विचारेल, आपले म्हातारे लोक डॉक्टरसमोर नुसती मान हलवतात. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका, नावं सांगत बसू नका.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड, फिल्म, सगळे रिपोर्ट मागून घ्या, मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दुसऱ्यालाही पाठवा. टाके कधी काढायचे, परत कधी यायचं, कोणती गोळी किती दिवस, हे मराठीत लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.